घर बदलताय? आधी नकोशा वस्तू वाटेला लावा

घर बदलायचं ठरलं की बहुतेक जण कपाट उघडून त्याच्यासमोर बसतात आणि एकेक वस्तू हातात घेऊन 'ठेवू की काढू' असा विचार सुरू करतात. चार दिवसांत दाराशी 'काढायच्या' वस्तूंचा ढीग होतो आणि मनाला बरंही वाटतं. पण ढीग तिथंच राहतो, कारण त्यातलं काय, कोणाला, कधी द्यायचं हे कोणीच ठरवलेलं नसतं. शेवटी सामान न्यायला माणसं येतात, घाईगर्दीत 'तेही टाका गाडीत' असं आपणच म्हणतो, आणि नको असलेल्या वस्तू भाडं भरून नव्या घरी पोचतात. माझा असा ढीग दोन वेळा गाडीत चढलाय. दुसऱ्या वेळच्या ढिगात एक बंद पडलेला टेबलफॅन होता. पहिल्या वेळीही तोच होता.

त्यानंतर मी क्रम उलटा केला. वस्तू नको म्हणणं फारसं अवघड नसतं, तिला दाराबाहेर काढणं अवघड असतं. म्हणून आधी बाहेर जायच्या वाटा शोधायच्या आणि मग कपाटाला हात लावायचा. पुढचं सगळं त्याच क्रमानं लिहिलंय.

पहिलं काम: वाटा आणि तारखा

एक वही घ्या. फोनमधली यादी चालेल, पण वही घरातल्या सगळ्यांना दिसते. घरातून वस्तू बाहेर जायच्या वाटा मोजक्याच असतात: विकणं, ओळखीत देणं, संस्थेला देणं, रद्दी-भंगार, ई-कचरा, घातक कचरा, अवजड कचरा आणि रोजची कचराकुंडी. प्रत्येक वाटेपुढं तीन गोष्टी लिहा. कोण घेणार, काय घेत नाही, आणि सगळ्यात लवकरची तारीख कोणती. त्यासाठी फोन करावे लागतात आणि नेमका हाच भाग लोक टाळतात. एका दुपारी बसून सगळे फोन उरकून टाका. संस्था पलंग घेतात पण गादी घेत नाहीत, अवजड कचरा ठरावीक दिवशीच उचलला जातो, ई-कचऱ्याचं केंद्र अमुक वारीच उघडं असतं, अशा गोष्टी त्या दुपारीच कळतात. शेवटच्या आठवड्यात कळल्या तर उपयोग नसतो.

वाटांचा वेग वेगवेगळा असतो. विकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कचराकुंडीला अजिबात लागत नाही. म्हणून हाताशी आठ आठवडे असतील तर पहिल्या दोन आठवड्यांत विकायच्या मोठ्या वस्तू ठरवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात द्यायच्या वस्तू, पाचव्या-सहाव्यात कागद, उपकरणं आणि घातक कचरा. शेवटचे दोन आठवडे किरकोळ गोष्टींना आणि आठवणींच्या वस्तूंना ठेवा. हाताशी दोनच आठवडे असतील तर विकण्याचा विचार सोडून द्या. गिऱ्हाइकाची वाट बघण्यात जाणारा वेळ त्या पैशांहून महाग पडतो.

वहीत आणखी एक पान करा. त्यात चारच रकाने: वस्तू, वाट, माणूस, शेवटची तारीख. 'काढायची' ठरलेली कुठलीही वस्तू हे चारही रकाने भरल्याशिवाय दाराशी ठेवायची नाही. तारीख उलटली की ती वस्तू खालच्या वाटेवर जाते: विकली गेली नाही तर ओळखीत, ओळखीत कोणी नेली नाही तर संस्थेला, तिथंही नाही तर भंगारात. हा नियम आधीच लिहून ठेवला की ऐन वेळी वाद होत नाहीत. स्वतःशीही होत नाहीत.

दुसरं काम: नवं घर मोजा

मोठ्या वस्तूंचा निर्णय मनानं नव्हे, टेपनं करायचा. नव्या घराच्या खोल्या, दारांची रुंदी, जिन्याचं वळण, लिफ्टची आतली उंची आणि खोली, खिडक्या कुठं आहेत, विजेचे पॉइंट कुठं आहेत, हे सगळं मोजून घ्या. आलेखाच्या कागदावर १:५० या प्रमाणात काढा, म्हणजे एक मीटरला दोन सेंटिमीटर. पलंग, कपाट, सोफा, टेबल यांचे त्याच प्रमाणात पुठ्ठ्याचे तुकडे कापा आणि कागदावर सरकवून बघा. कपाटाचं दार उघडायला लागणारी जागाही दाखवा, कारण विसरली जाते ती हीच. अर्ध्या तासात समजतं की दोनपैकी एक कपाट येणार नाही. मग त्यावर वाद घालायला काही उरतच नाही.

लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर असेल तर आणखी एक विचार करा. अशा फळ्यांत स्क्रूची पकड एकदाच नीट बसते. खोलून पुन्हा जोडलं की भोकं सैल होतात आणि कपाट हलायला लागतं. एकदा हलवून झालेलं असं कपाट दुसऱ्यांदा न्यायचं असेल तर मी तरी नेणार नाही. भरीव लाकडाचं किंवा लोखंडी असेल तर गोष्ट वेगळी.

नेण्याचा खर्च वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, ती किती जागा व्यापते आणि किती वजनाची आहे यावर ठरतो. जुन्या, स्वस्त पण अवाढव्य वस्तू म्हणूनच सगळ्यात आधी तपासायच्या. दहा छोट्या वस्तू काढून जेवढी जागा सुटत नाही, तेवढी एका मोडक्या सोफ्यानं सुटते.

तिसरं काम: कपाटं

आता कपाट उघडा. सुरुवात जिथं जीव अडकलेला नाही तिथून करा: न्हाणीघरातलं कपाट, अडगळीची जागा, हत्यारांची पेटी, चपलांचा खण. फोटो, पत्रं, मुलांच्या वस्तू शेवटी. निर्णय घ्यायचीही एक सवय असते, ती लागायला दोन-तीन दिवस जातात. पहिल्याच दिवशी जुनी पत्रं काढून बसलात तर संध्याकाळपर्यंत पत्रं वाचून होतील आणि खण तसाच राहील.

एका वेळी एकच खण घ्या, पण पूर्ण रिकामा करा. नुसतं वरवर चाळून 'हे काढू, ते काढू' केलं की मागच्या वस्तू मागेच राहतात. खण रिकामा करून पुसला की आत काय परत जाणार एवढाच प्रश्न उरतो. पाऊण तास काम, मग विश्रांती. तीन-चार फेऱ्यांनंतर माणूस थकतो आणि सगळंच ठेवायला लागतो किंवा सगळंच फेकायला लागतो. दोन्ही वाईट.

'ही लागेल का?' हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर नेहमी 'कधीतरी लागेल' असंच येतं. त्याऐवजी विचारा: नव्या घरात ही कुठं राहील? उत्तर जागेचं हवं, 'स्वयंपाकघरात ओट्याखाली डावीकडे' असं. 'बघू' ही जागा नाही. जागा सांगता आली नाही तर वस्तू वहीत जाते. शंका राहिलीच तर आणखी एक कसोटी आहे: ही वस्तू लागली तर एका दिवसात उसनी, भाड्यानं किंवा विकत मिळेल का? मिळत असेल तर तिचं ओझं तुम्ही कशाला वाहायचं?

जपानी कारखान्यांत आवराआवरीची '५-एस' नावाची पद्धत आहे. तिची पहिली पायरी 'सेइरी', म्हणजे गरजेचं आणि बिनगरजेचं वेगळं करणं. शंकास्पद वस्तूला तिथं लाल चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर तारीख असते आणि ठरलेल्या मुदतीत ती वस्तू कोणी वापरली नाही तर ती तिथून हलवतात. घरातही हे छान जमतं. शंका असलेल्या वस्तूंना रंगीत चिठ्ठी आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख लावा. तोवर चिठ्ठी निघाली नाही तर निर्णय आपोआप झाला.

आपल्याकडच्या वस्तूची किंमत आपल्याला जास्तच वाटते, त्यालाही नाव आहे: 'एन्डाउमेंट इफेक्ट'. १९९० साली डॅनियल कानेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि काहींना दिले नाहीत. ज्यांच्या हातात मग होता ते तो विकण्यासाठी जी किंमत मागत, ती विकत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. तोच मग, हातात येऊन थोडाच वेळ झालेला. तुमच्या कपाटातल्या वस्तू तर दहा वर्षं हातात आहेत, तेव्हा 'अहो, इतकी चांगली आहे' असं वाटणारच. म्हणून प्रश्न फिरवून विचारा: ही माझ्याकडे नसती तर आज मी ती विकत घेतली असती का?

काही खोगीरभरती प्रत्येक घरात सापडते. झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं. सगळे जोडून बघा, जोडी नसलेले काढा. कुठल्या यंत्राच्या आहेत हे कोणालाच सांगता येत नाही अशा वायरी आणि चार्जर. वस्तू कधीच मोडून गेल्यावरही जपून ठेवलेले तिचे रिकामे खोके (मी स्वतः याच रोगाचा रुग्ण आहे). वाळलेली पेनं, कुठली ते माहीत नसलेल्या किल्ल्या, एकेकट्या मोज्यांचं गाठोडं. या किडुकमिडुक गोष्टींवर विचार करण्यात वेळ घालवू नका. एक तास ठरवा आणि सगळं एकदम उरका.

कागद आणि पुस्तकं

कागदाच्या वजनाचा अंदाज लोकांना नसतो. नेहमीच्या ८० ग्रॅम जाडीच्या ए-४ कागदाचं एक पान ५ ग्रॅमचं, म्हणजे ५०० पानांचा गठ्ठा अडीच किलो. पंधरा वर्षांच्या फायली म्हणजे एखाद्या माणसाएवढं वजन सहज होतं. मालमत्तेचे, शिक्षणाचे, जन्ममृत्यूचे, आरोग्याचे, विम्याचे मूळ कागद एका पिशवीत काढा. ही पिशवी गाडीत जात नाही, तुमच्या हातात जाते. कराचे आणि बँकेचे कागद तुमच्याकडच्या नियमांत सांगितलेल्या मुदतीपर्यंत ठेवा. बाकीच्यांतलं जे आठवण म्हणून हवं ते स्कॅन करा, मजकुरासाठी ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरतं. दुकानातून मिळणाऱ्या गुळगुळीत पावत्या उष्णतेनं छापलेल्या असतात आणि काही वर्षांत कोऱ्या होतात. हमीपत्राची पावती तशी असेल तर आधी तिचा फोटो काढा. या पावत्या रद्दीतही घालू नका, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो.

नाव, पत्ता, खातेक्रमांक, सही असलेले कागद रद्दीत जाण्याआधी फाडा. नुसते दोन तुकडे करून चालत नाही. कागद फाडायचं यंत्र नसेल तर बादलीत पाण्यात रात्रभर भिजवून लगदा करा. हात खराब होतात, पण काम पक्कं होतं.

पुस्तकांबद्दल मी कोणाला काही सांगणार नाही, कारण ऐकणारही कोणी नाही. फक्त हिशेब सांगतो. ४५ × ३० × ३० सेंटिमीटरचा खोका पुस्तकांनी भरला की सहज पंचवीस किलोंच्या पुढे जातो. अमेरिकेतल्या 'नायोश' या कामगार-सुरक्षा संस्थेचं सूत्र सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोंहून जास्त उचलू नका म्हणतं, आणि जिन्यात परिस्थिती अनुकूल नसतेच. तेव्हा खोके लहान घ्या. ज्या पुस्तकांची दुसरी प्रत ग्रंथालयात मिळते आणि जी तुम्ही पुन्हा वाचणार नाही, त्यांच्यापासून काढायला सुरुवात करा. मुदत संपलेली संदर्भपुस्तकं आणि जुने पाठ्यक्रम ग्रंथालयांना नको असतात, ते सरळ रद्दीत घाला.

कचराकुंडीत न जाणारं

इथं थोडं सावकाश वाचा. आवराआवरीच्या नादात लोक सगळ्यात मोठ्या चुका इथंच करतात आणि त्या दुसऱ्याला भोवतात.

बॅटऱ्या. जुने फोन, पॉवर बँक, खेळणी, बिनवायरीची हत्यारं, कानातले बिनवायरीचे हेडफोन, यांतल्या पुष्कळांत लिथियम-आयन बॅटरी असते. ती साध्या कचऱ्यात गेली आणि कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, प्रत्येक वेगळी ठेवा आणि ई-कचऱ्याच्या केंद्रावर द्या. फुगलेली बॅटरी दिसली तर तिला टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. घरातल्या जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवून शक्य तितक्या लवकर नेऊन द्या. अशी बॅटरी सामानाच्या गाडीत चढवायची नाही.

पारा. जुना काचेचा तापमापक असेल तर त्यात साधारण अर्धा ग्रॅम पारा असतो. गुंडाळीसारख्या दिसणाऱ्या सीएफएल दिव्यात असतो त्याच्या शंभरेक पट. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि त्यात अशा तापमापकांचं उत्पादन बंद करण्यासाठी २०२० हे वर्ष ठरलं. पण खणात पडलेला तुमचा तापमापक कराराला विचारून फुटत नाही. तो जाड पुठ्ठ्याच्या नळीत घालून घातक कचऱ्यात द्या. फुटलाच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वापरू नका, कारण त्यांनी पारा पसरतो. ताठ कागदानं गोळे एकत्र ढकला, उरलेले चिकटपट्टीनं टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. दिवे आणि ट्यूबलाइटही न फोडता द्यायचे.

स्वच्छतेची रसायनं. अर्ध्या-अर्ध्या बाटल्या एकत्र ओतून जागा वाचवायचा मोह होतो. तो आवरा. क्लोरिनच्या ब्लीचमध्ये संडास साफ करायचं आम्ल मिसळलं की क्लोरिन वायू सुटतो, अमोनिया असलेलं द्रव मिसळलं की क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना घातक, आणि न्हाणीघर म्हणजे बंद खोली. उरलेलं जे आहे ते दोन महिने आधीपासून वापरून संपवा, नवं आणू नका. फवाऱ्याचे दाबाखालचे डबे भोक पाडून रिकामे करायला जाऊ नका.

रंग आणि थिनर. पाण्यात मिसळणारा थोडासा रंग उरला असेल तर झाकण काढून, लाकडाचा भुसा किंवा माती घालून सुकू द्या. सुकलेला रंग बहुतेक ठिकाणी कचऱ्यात घेतात. तैलरंग, थिनर, केरोसीन, कीटकनाशकं ही मात्र घातक कचऱ्याची वाट. मोरीत काहीही ओतायचं नाही.

औषधं. आधी चौकशी करा, काही औषधविक्रेते किंवा दवाखाने मुदतबाह्य औषधं परत घेतात. तशी सोय नसेल तर गोळ्या वेष्टनातून काढून मातीत किंवा वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात मिसळा, पिशवी बंद करा आणि मग कचऱ्यात टाका, म्हणजे कोणी उचलून खाणार नाही. बाटलीवरचं नाव खोडा. सुया आणि इन्सुलिनच्या टोच्या कधीही पिशवीत सुट्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात भरून, डब्यावर लिहून, दवाखान्यात विचारून द्या.

फ्रिज. तो आतून पोकळ असला तरी त्यात वायू असतो. जुन्या फ्रिजमध्ये ओझोनच्या थराला मारक असलेले सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू असायचे, आणि त्यांच्यावर नियंत्रण आणण्यासाठीच १९८७ सालचा माँट्रियल करार झाला. आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन वायू असतो, तो पेटतो. म्हणून नळी तोडून तांबं काढणाऱ्याच्या हाती फ्रिज देऊ नका, वायू काढून घेण्याची सोय असलेल्या ठिकाणी द्या. तोवर तो घराबाहेर ठेवायचा असेल तर दार काढून टाका. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपायला शिरलेली मुलं गुदमरून मरायची, म्हणून अमेरिकेत १९५६ साली फ्रिजचं दार आतून उघडता आलं पाहिजे असा कायदाच करावा लागला. आजची चुंबकाची दारं आतून ढकलता येतात, तरीही दार काढायचंच.

पाठीमागे फुगीर असलेला जुना टीव्ही आणि मायक्रोवेव्ह घरी खोलून बघू नका. वायर काढून ठेवली तरी आत वीज साठलेली राहू शकते. शिवाय त्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं.

फोन, संगणक आणि त्यांचे नातेवाईक

फाइल पुसली म्हणजे ती गेली असं नाही. बहुतेक वेळा यंत्र फक्त अनुक्रमणिकेतलं तिचं नाव काढतं, मजकूर दुसरा काही वर लिहिला जाईपर्यंत तिथंच असतो. फोन देताना क्रम असा: आधी तुमची प्रत काढा, मग सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, आणि मगच फोन मूळ स्थितीत न्या. खात्यातून बाहेर न पडता रीसेट केला तर पुढच्या माणसाला फोन तुमचाच पासवर्ड मागत राहतो आणि त्याच्या दृष्टीनं तो दगड होतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी राहतं.

संगणकाच्या चकतीच्या हार्ड डिस्कवर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरनं सगळीकडे नवा मजकूर लिहिता येतो. एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर मजकूर साठवणारी डिस्क असेल, तर तिच्या निर्मात्यानं दिलेली 'सुरक्षित पुसणे' ही आज्ञा वापरावी लागते, वरवर लिहून भागत नाही. बंद पडलेल्या डिस्कची गोष्ट वेगळी: ती सुरूच होत नसेल तर पुसताही येत नाही, म्हणून तिची मोडतोड करून द्या. राउटरमध्ये तुमचे पासवर्ड असतात, काही प्रिंटरमध्ये छापलेल्या कागदांच्या प्रती असतात, गाडीच्या यंत्रणेत तुमचा पत्ता असतो. तेही मूळ स्थितीत न्या.

देणं आणि विकणं

देताना एकच कसोटी: हीच वस्तू या स्थितीत मला शेजाऱ्यानं दिली असती तर मी घेतली असती का? फाटकी चादर, बंद पडलेला मिक्सर, अर्ध्या सोंगट्या नसलेला खेळ संस्थेला दिला की तिथल्या माणसांना तो वेगळा काढून स्वतःच्या खर्चानं फेकावा लागतो. हे दान नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं आहे. चालू वस्तू स्वच्छ करून, सगळे भाग एकत्र बांधून द्या. फर्निचर खोललं असेल तर स्क्रू पिशवीत भरून त्याच फळीच्या मागं चिकटवा.

काही वस्तू चांगल्या दिसल्या तरी देऊ नयेत. अपघातात आपटलेलं हेल्मेट, कारण आतला थर एकदाच मार खातो आणि बाहेरून काही दिसत नाही. मोटारीतली लहान मुलांची खुर्ची: अपघात झालेला असेल किंवा तिच्यावर छापलेली मुदत संपली असेल तर नको. जुना पाळणापलंग देण्याआधी कठड्याच्या दांड्यांतलं अंतर मोजा. अमेरिकेतल्या नियमानुसार ते सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि एक बाजू खाली सरकणारे पाळणापलंग तिथं २०११ सालापासून विकायलाही बंदी आहे. गादीच्या शिवणींत ढेकणांच्या काळ्या ठिपक्या दिसल्या तर गादी कोणालाही देऊ नका आणि स्वतःही नेऊ नका. ढेकूण खाण्याशिवाय कित्येक महिने जगतात, खोक्यात बसून तुमच्याबरोबर येतील.

विकताना मोजमापं, दोष आणि 'अमुक तारखेपर्यंत न्यायला हवं' एवढं लिहिलं तर निम्मे फालतू प्रश्न कमी होतात. उजेडात फोटो काढा, डाग असेल तर डागाचाही. पैसे हातात आल्याशिवाय वस्तू राखून ठेवायची नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी घरात दोन माणसं असलेली बरी. आठवडाभर विचारणा नाही आली तर किंमत सरळ निम्मी करा, थोडीथोडी उतरवत बसू नका.

दुसऱ्यांच्या वस्तू आणि आठवणी

घरातल्या दुसऱ्या माणसाची वस्तू त्याला न विचारता काढायची नाही. ती कितीही निरुपयोगी दिसत असली तरी. असं एकदा झालं की तो माणूस पुढं प्रत्येक वस्तू घट्ट धरून बसतो. मुलांना 'काय टाकायचं' विचारण्यापेक्षा एक ठरावीक खोका द्या आणि त्यात मावेल ते तुझं, असं सांगा. आजीआजोबा असतील तर वस्तूची गोष्ट ऐकून घ्या. ती ऐकली जाणार असेल तर पुष्कळदा वस्तू सुटते. घर सोडून गेलेल्या भावंडांच्या पेट्या, मित्रांनी 'थोडे दिवस ठेव' म्हणून दिलेलं सामान, यांना तारीख घालून निरोप द्या: इतक्या तारखेपर्यंत न्या, नाहीतर मी देऊन टाकतो. हा निरोप पाठवायला संकोच वाटतो. पाठवा.

वारशानं आलेल्या वस्तूंचं ओझं वेगळंच असतं, कारण त्या काढताना माणूस काढल्यासारखं वाटतं. बारा बशांच्या संचातली एक बशी रोज वापरात ठेवून बाकीच्या नात्यात वाटता येतात. जी वस्तू नेता येत नाही तिचा फोटो काढा आणि फोटोबरोबर दोन ओळी लिहा, कोणाची, कुठून आली. नुसत्या फोटोला पाच वर्षांनी काही अर्थ राहत नाही.

कागदी फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागं लिहिलेली नावं आणि तारखाही. निगेटिव्ह असतील तर ठेवा, त्यांना जागा लागत नाही आणि त्यांच्यात छापील प्रतीहून जास्त तपशील असतो. जुन्या व्हिडिओ कॅसेटी आणखी दहा वर्षं ठेवू म्हणाल तर त्यांची चुंबकीय पट्टी थांबणार नाही. डिजिटल प्रत आत्ताच करून घ्या. हे काम मात्र घर बदलायच्या गडबडीत पुरं होत नाही. एक 'स्कॅन करायचे' असा खोका निघणार हे गृहीत धरा. असा एकच खोका असू दे.

शेवटचा आठवडा

आता घरात नवीन काही आणायचं नाही. डबे, साबण, गोठवलेलं अन्न, उरलेली रसायनं संपवत जायची. फ्रिज निघण्याच्या किमान चोवीस तास आधी बंद करून, दार उघडं ठेवून, बर्फ वितळू द्या आणि आतून कोरडा करा. नाहीतर वाटेत पाणी गळतं आणि नव्या घरी बुरशीचा वास येतो. गॅसच्या टाक्या, रॉकेल, थिनर, काडेपेट्या सामान नेणारे बहुतेक घेत नाहीत, त्यांची सोय या आठवड्याआधीच झालेली हवी.

आवराआवरीच्या शेवटी तयार होणारा कचरा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो नेमका कचरा उचलण्याच्या वारानंतर तयार होतो. शेवटचा उचलण्याचा दिवस वहीत लिहा आणि त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत काम संपवा. गाडी येण्याच्या आदल्या दिवशी वही उघडून बघा: ज्या वस्तूंपुढं अजून खूण नाही त्या घेऊन त्याच संध्याकाळी एक फेरी मारा. दाराशी काहीही ठेवायचं नाही. सामान उचलणारी माणसं दिसेल ते भरतात आणि त्यांचं चूक नाही.

एक ढीग मात्र मुद्दाम मागं ठेवायचा. कुलपांच्या जादा किल्ल्या, पंख्याचे आणि एसीचे रिमोट, गिझरचं माहितीपत्रक, उरलेल्या चार फरश्या, भिंतीच्या रंगाचा क्रमांक लिहिलेला डब्याचा तुकडा. हे तुमच्या कामाचं नाही, पण त्या घरात पुढं राहायला येणाऱ्याला बाजारात कुठंही मिळणार नाही. सगळं एका पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या पहिल्या खणात ठेवा आणि वर 'घराचं सामान' अशी चिठ्ठी लावा.